इमानपट्टीवरची शर्यत

पारोळा, पूर्व खानदेश
८ नोव्हेंबर १९५४

मा. चिटणीस साहेब,
पश्चिम भारत मोटार शर्यत मंडळ, मुंबई

रामराम.

वर्तमानपत्रात वाचलं की मुंबईच्या विमानतळावर विमानांची ये-जा वाढल्यामुळे आपल्या अखिल भारतीय शर्यतीला यापुढे तिथे जागा मिळणार नाही. आपण नवी जागा शोधत असाल तर ती आमच्याकडे आहे.

लढाईच्या काळात सरकारने पारोळ्याच्या पश्चिमेला, धुळ्याच्या रस्त्यालगतच्या माळावर विमानं उतरायला सिमेंटची पट्टी केली. लढाई संपली, फौज गेली, पट्टी राहिली. लोक तिला इमानपट्टी म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना विमान वळवायची गोल जागा आहे आणि बाजूने परतीचा पक्का रस्ता आहे. म्हणजे शर्यतीचा फेरा आयताच तयार आहे.

मी फौजेत लॉरी चालवायचो. आता पारोळ्यात मोटारदुरुस्तीचं दुकान आहे. माझे भागीदार सत्तार मिस्तरी आणि मी दर वर्षी दसऱ्यानंतर पट्टीवर शर्यत भरवतो. धुळे, मालेगाव, बऱ्हाणपूरहून जीपा आणि फटफट्या येतात. माणसांचा समुद्र लोटतो. आमचं मंडळ मजबूत आहे. आपण एकदा येऊन जागा पाहावी.

आपला नम्र,
तोताराम पुना महाजन

---

मुंबई
२० नोव्हेंबर १९५४

श्री. तोताराम महाजन यांस नमस्कार.

मी मंडळाच्या कचेरीत टायपिस्ट आहे. चिटणीस साहेबांना मराठी वाचता येत नाही म्हणून तुमचं पत्र मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. पारोळा कुठे आलं, असं त्यांनी विचारलं. भिंतीवरच्या नकाशात गावाचं नावच नव्हतं. मग जळगाव आणि धुळ्याच्या मधल्या कोऱ्या जागेवर मी बोट ठेवलं. ते म्हणाले, बघू.

या कचेरीत 'बघू' म्हणजे फाईल कपाटात जाते. तसं व्हायला नको असेल तर मला पट्टीचा नकाशा पाठवा. रुंदी किती, भेगा कुठे, दवाखाना किती लांब, पाणी कुठून आणणार, हे सगळं लिहा. मराठीतच लिहा. इंग्रजी मी करून घेईन.

कचेरीचं संपलं. आता माझं. मी बोदवडची. वडील स्टेशनवर सिग्नलच्या कामाला होते. लग्न होऊन मुंबईला आले. यजमान याच मंडळात कारकून होते, ते वारल्यावर मंडळाने मला ठेवून घेतलं. तुमच्या पाकिटावर 'पूर्व खानदेश' वाचलं आणि ते फोडायच्या आधी थोडा वेळ तसंच हातात धरून बसले. असं पाकीट फार वर्षांत कुणाचं आलं नव्हतं.

सुनंदा भंगाळे

---

पारोळा
२ डिसेंबर १९५४

सुनंदाबाईंना रामराम.

नकाशा सोबत आहे. सत्तारने काढला, त्याचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो. भेगा खऱ्या तिथेच दाखवल्या आहेत, लपवलेलं काही नाही. पूर्वेकडच्या वळणावर सिमेंट उखडलं होतं, तिथे आम्ही मुरूम आणि डांबर भरलं.

तुम्ही बोदवडच्या हे वाचून सत्तारची बायको ताजबी लगेच म्हणाली, मग ती आपलीच. तिचं माहेर बोदवडला नाही, पण वाटेत येतं म्हणे. तुमची बोली आमच्याहून निराळी. तुमच्याकडे 'मले-तुले' चालतं, आमच्याकडे 'आहे'ला 'शे'. मुंबईत कुणी बोलतं का तसं?

तुम्ही घरचं लिहिलंत म्हणून मीही लिहितो. मी फौजेत असताना माझी बायको गेली. तार माझ्यापर्यंत पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. परत आलो तर घराला कुलूप होतं. दोन-तीन दिवस तिथे बसवेना म्हणून पट्टीवर गेलो. फौजेने टाकून दिलेली एक जीप सत्तार तिथे उघडून बसला होता. तेव्हापासून आम्ही बरोबर आहोत.

मंडळात आम्ही बरीच माणसं आहोत. सगळे तुमच्या उत्तराची वाट पाहतात.

तोताराम

---

मुंबई
१८ जुलै १९५५

तोताराम भाऊ,

उशिराबद्दल रागावू नका. कळवण्यासारखं काही नसताना लिहायचं तरी काय, असं वाटून थांबले. आता कळवण्यासारखं आहे. चिटणीस साहेबांनी आपण होऊन तुमच्या जागेबद्दल विचारलं. पाऊस संपला की समितीतले कापडिया साहेब पाहायला येतील. ते इंजिनियर आहेत. कमी बोलतात. चहात साखर घेत नाहीत.

बोलीचं विचारलंत. नाही, इथे कुणी बोलत नाही. मी गिरगावात बायकांच्या वसतिगृहात राहते. खोलीत तिघी असतो, पण बाकीच्या दोघी बदलत राहतात. लग्न ठरतं, बदली होते, नवीन येतात. नव्या मुलीला माझा कप कुठला, खिडकी कुठली ते सांगावं लागतं. हल्ली ते सांगायचाही कंटाळा येतो. बोदवडला आता माझं कुणी नाही. भाऊ होता, तो नागपूरला गेला आणि पत्र लिहायचं विसरला.

शर्यती मी कधी पाहिलेल्या नाहीत. फक्त त्यांचे निकाल टाइप करते.

सुनंदा

---

पारोळा
६ नोव्हेंबर १९५५

सुनंदाबाई,

कापडिया साहेब येऊन गेले. गाडीतून उतरले ते पहिल्यांदा बूट काढून सिमेंटवर अनवाणी चालले. सत्तार माझ्याकडे पाहायला लागला. पण ते पायाने उंचवटे शोधत होते. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उन्हात चालत गेले आणि चालत परत आले.

मग मला म्हणाले, तुम्ही चालवून दाखवा. मी जीप काढली. इतकी माणसं पाहतात तेव्हा भीती वाटत नाही, पण त्या दिवशी एकच माणूस पाहत होता आणि मला गिअर दोनदा टाकावा लागला. पश्चिमेच्या वळणाशी सत्तार नेहमीसारखा झेंडा घेऊन उभा होता. त्याला पाहिलं आणि गाडी नीट वळली.

ताजबीने भाकरी आणि शेवभाजी केली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ताट संपवलं. फैजपूरची केळी गाडीत ठेवली तर नको म्हणाले नाहीत. निघताना माझा हात धरून म्हणाले, 'व्हेरी प्रॉमिसिंग, मिस्टर महाजन.' प्रॉमिस म्हणजे वचन, हे मला फौजेपासून माहीत आहे. साहेबांनी वचन दिलं. गावात सांगितलं तर बाजारातल्या भिकन शेठने त्याच संध्याकाळी आपल्या दुकानासमोर पेढे वाटले.

तोताराम

---

मुंबई
१४ नोव्हेंबर १९५५

तोताराम भाऊ,

हे पत्र आजच लिहिते, कारण उशीर झाला तर जास्त जिवाला लागेल. 'प्रॉमिसिंग' म्हणजे वचन नव्हे. पुढे काहीतरी चांगलं होण्यासारखं दिसतं, इतकाच त्याचा अर्थ. वचन कुणीही दिलेलं नाही. पेढे वाटले गेले याचं वाईट वाटतं. गावाला खरं सांगून टाका.

कापडिया साहेबांचा अहवाल मी टाइप केला. पट्टीबद्दल चांगलं लिहिलं आहे. मंडळाबद्दल लिहिलं आहे की मंडळ म्हणजे दोनच माणसं आहेत, एक चालवतो आणि एक झेंडा धरतो. मला हे आधी सांगितलं असतं तरी मी तेवढ्याच मनाने काम केलं असतं.

सुनंदा

---

पारोळा
२१ नोव्हेंबर १९५५

सुनंदाबाई,

शब्दाचा अर्थ तुमचाच बरोबर असणार. पण मी साहेबांचं तोंड पाहिलं आहे. गावाला मी काही सांगितलं नाही.

दोनच माणसं आहेत हे खरं. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. पण साहेबांनी मलाही एक सांगितलं. म्हणाले, आमच्या कचेरीत एक बाई आहेत, त्या तुमची फाईल दर सोमवारी माझ्या टेबलावर वर काढून ठेवतात. चिटणीस साहेबांनी आपण होऊन विचारलं असं तुम्ही लिहिलं होतं.

फिटंफाट झाली समजा.

तोताराम

---

मुंबई
१२ सप्टेंबर १९५६

भाऊ,

बातमी आहे, आणि या वेळी शब्दांचे अर्थ तपासून लिहिते. समितीने ठराव केला आहे. जानेवारीत मंडळाचे काही निवडक चालक पारोळ्याला येऊन एक चाचणी शर्यत करतील. ती नीट पार पडली तर पुढची अखिल भारतीय शर्यत तुमच्याकडे. मंडळाचं पत्र स्वतंत्र येईल.

कचेरीतली काही माणसं सोबत नेणार आहेत. निकाल तिथेच टाइप करायला कुणीतरी लागेल, असं मी चिटणीसांच्या कानावर घातलं आहे. चाळीसगावला गाडी बदलायची आणि धुळ्याला उतरायचं, हे मी वेळापत्रकात पाहून ठेवलं.

सुनंदा

---

मुंबई
२२ जानेवारी १९५७

भाऊ,

मला नेलं नाही. बायकांच्या राहण्याची सोय नाही म्हणाले. ऐनवेळी कळलं, म्हणून तुम्हाला कळवता आलं नाही. तुम्ही धुळ्याच्या स्टेशनावर कुणाला पाठवलं असेल तर माफ करा.

मंडळी काल परत आली. शर्यत छान झाली म्हणतात. पण कापडिया साहेब माझ्या टेबलाजवळ आले, उभे राहिले आणि तसेच परत गेले. काय झालं?

सुनंदा

---

मुंबई
१९ फेब्रुवारी १९५७

भाऊ,

उत्तर नाही. मला आता थोडं कळलं आहे. कुणाला लागलं ते कुणी सांगत नाही. तुम्ही नाहीत ना, एवढं कार्डावर लिहा. बाकी लिहिलं नाही तरी चालेल.

सुनंदा

---

पारोळा
९ एप्रिल १९५७

सुनंदाबाईंना रामराम.

मी नाही. सत्तार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली होती. दुकान बंद होतं, पोस्टमन फटीतून आत टाकून गेला. मी सत्तारजवळ धुळ्याच्या दवाखान्यात होतो.

त्या दिवशी खरोखरच माणसांचा समुद्र होता. एरंडोल, अमळनेर, बठ्ठा म्हणजे सगळाच मुलूख बैलगाड्या जुंपून आला होता. आम्ही दोर बांधले होते, पण दोराने किती माणसं थोपणार. पश्चिमेच्या वळणापलीकडे विहीर आहे. भागाबाई नावाची म्हातारी रोज तिथून पाणी नेते. तिला ऐकू येत नाही. शर्यत असो नसो, ती आपल्या वेळेला घागर घेऊन निघाली आणि दोराखालून सिमेंटवर आली. मुंबईची गाडी वळणातून बाहेर पडत होती. सत्तारने झेंडा टाकला आणि धावला. म्हातारीला त्याने ढकललं. ती वाचली, घागरसुद्धा फुटली नाही. त्याच्या पायावरून चाक गेलं.

मी दुसऱ्या टोकाला होतो. लोक ओरडले ते मला आनंदाचं वाटलं. मी शर्यत चालू ठेवली. पहिल्या आलेल्याच्या गळ्यात हार घातला, फोटो काढून घेतला. मग ताजबी गर्दीतून वाट काढत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या लुगड्यावर रक्त होतं. तोवर त्याला कपाशीच्या वावरात सावलीला निजवलेलं होतं, आणि तो माझी वाट पाहत होता.

गुडघ्याखाली पाय कापावा लागला. आता तो घरी आहे. मी रोज जातो. ताजबी चहा देते. सत्तार पावसापाण्याचं बोलतो, गिऱ्हाइकांचं विचारतो, पण पट्टीचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. दुकानात गाडीखाली शिरलो की पाना मागायला हात बाहेर काढतो, आणि मग तो तसाच परत घेतो.

तुम्ही आला नाहीत हे बरं झालं.

तोताराम

---

मुंबई
२४ जून १९५७

भाऊ,

सत्तारभाईंना आणि ताजबींना माझा नमस्कार सांगा. औषधाचं काही मुंबईहून हवं असेल तर कळवा.

सोबत मंडळाचं इंग्रजी पत्र आहे. समितीने तुमची जागा मंजूर केली. पुढच्या जानेवारीत अखिल भारतीय शर्यत पारोळ्याला होईल. या पत्राची तुम्ही किती वाट पाहिली ते मला माहीत आहे. ते टाइप मीच केलं, आणि करताना आनंद झाला नाही.

अटी मराठीत सांगते. सगळ्या पट्टीला काटेरी तार लागेल. तारेच्या आत फक्त मंडळाची माणसं. झेंडे, वेळ, निशाण्या सगळं मुंबईचे लोक पाहतील. खानदेशातल्या गाड्या शर्यतीत धरल्या जाणार नाहीत. गावकऱ्यांनी तिकीट काढून बाहेर उभं राहायचं. तुमचं नाव जागेचे व्यवस्थापक म्हणून छापतील.

अहवालात जानेवारीबद्दल एक वाक्य आहे. 'एक स्थानिक इसम जखमी.' नाव घालू का, असं मी विचारलं. गरज नाही म्हणाले.

तुम्ही जे ठरवाल ते कळवा. मी काही सुचवणार नाही.

सुनंदा

---

पारोळा
१५ जुलै १९५७

सुनंदाबाई,

पत्र आलं त्या दिवशी भिकन शेठ आणि बाजारातले लोक दुकानात जमले. खानावळ कुठे उघडायची, एसटीच्या जादा गाड्या कशा मागायच्या, सगळं तिथेच ठरलं. मला खांद्यावर घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, सत्तारला विचारायचं आहे. ते म्हणाले, त्याला काय विचारायचं, तो आता कुठे उभा राहणार आहे.

मी सत्तारकडे गेलो. तो खाटेवर बसून कार्बुरेटर पुसत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी पट्टीचं नाव काढलं. तुमचं पत्र वाचून दाखवलं, सगळ्या अटी, आणि ते एक वाक्यही. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं,

"मंग आपन कोठे उभं ऱ्हावानं?"

मी म्हटलं, तारेच्या बाहेर, तिकीट काढून.

तो हसला. दवाखान्यातून आल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि त्याने कार्बुरेटर बाजूला ठेवला. "तू आथाच बस," म्हणाला. इथेच बस. मी बसलो. ताजबीने दिवा लावला. मी कार्बुरेटर उचलून पुसायला लागलो, आणि कुठे पुसायचं राहिलं ते तो बोटाने दाखवत राहिला.

मंडळाला माझा नकार कळवा. इंग्रजी तुम्ही करा. कारण विचारलं तर सांगा, जागा दोन माणसांची आहे आणि त्यातल्या एकाला आत यायला बंदी आहे.

बाजारात आता मला कुणी रामराम घालत नाही. भिकन शेठ आपली मोटार धुळ्याला दुरुस्तीला नेतो. त्यांचंही चुकत नाही. त्यांना नवीन दिवस दिसले होते.

तोताराम

---

मुंबई
५ ऑगस्ट १९५७

तोताराम भाऊ,

तुमचं उत्तर मी समितीपुढे वाचलं. कारणाचं वाक्य तुमच्याच शब्दांत ठेवलं. चिटणीस साहेब म्हणाले, माणूस विचित्र आहे. कापडिया साहेब खिडकीकडे पाहत होते. मग त्यांनी मला विचारलं, त्या जखमी माणसाचं नाव काय. मी सांगितलं. त्यांनी ते आपल्या अहवालाच्या प्रतीवर स्वतःच्या हाताने लिहिलं. त्याने काही बदलत नाही, पण लिहिलं.

शर्यत दक्षिणेत कुठेतरी जाणार असं दिसतं. तुमची फाईल बंद झाली. कपाटात मीच नेऊन ठेवली.

इतकी वर्षं तुम्हाला काही लिहायचं असलं की मी ते कचेरीच्या कामाला जोडून लिहीत आले. आता जोडायला काही उरलं नाही. सोमवारी सवयीने कपाटापर्यंत गेले आणि हात तसाच खाली घेतला. तुम्हालाही आता इकडे लिहायचं कारण नाही, हे मला समजतं. खोलीत कालच एक नवी मुलगी आली. साताऱ्याकडची आहे. तिने विचारलं, बाई, तुमचं गाव कोणतं. मी बोदवड म्हणाले, आणि मग तुमच्या गावाबद्दलच सांगत बसले.

सत्तारभाईंची काळजी घ्या. स्वतःचीही.

सुनंदा

---

पारोळा
२८ ऑगस्ट १९५७

सुनंदाबाईंना रामराम.

या पत्राला कारण नाही.

पाऊस बरा झाला. सत्तारसाठी मी सागाची कुबडी केली, तिच्या टोकाला टायरचं रबर बसवलं. पहिल्या दिवशी तो तिला शिव्या देत होता. आता दुकानापर्यंत येतो. खाटेवर बसून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि काय बिघडलं ते मला सांगतो, मी खाली शिरतो. गिऱ्हाइकं कमी आहेत. चार वाजता काम संपतं आणि संध्याकाळ फार लांबते.

उघडीप असली की पट्टीवर लोक आता मूग वाळवतात. मी एकदा जाऊन पाहिलं. मधोमध जाईपर्यंत कुणी भेटलं नाही. परतीच्या रस्त्यावर सिमेंटच्या भेगेतून बाभूळ उगवली आहे. उपटायला वाकलो, पण मग राहू दिली. आता तिथून कुणाला जोरात जायचं आहे?

तुमचं पत्र सत्तारला वाचून दाखवलं, नाव लिहिल्याचं दोनदा. मग तो तुमच्याबद्दल विचारायला लागला. बाई एकट्याच का, सणाला कुठे जातात. मी म्हटलं, कुठे जात नाहीत. तो म्हणाला, मग इकडे का येत नाहीत. मी म्हटलं, त्यांना कचेरी असते, रजा मिळत नसेल. त्याने कुबडी आपटली आणि विचारलं, "तू कधी बलावं का?"

मी आठवू लागलो. तीन वर्षांत मी तुमच्या मंडळाला बोलावलं, साहेबांना बोलावलं, हिंदुस्थानभरच्या गाड्यांना बोलावलं. तुम्हाला नाही बोलावलं.

दिवाळीत रजा मिळाली तर धुळ्यापर्यंत गाडीने यायचं. स्टेशनावर मी स्वतः येईन. ताजबी म्हणते, राहायला खोली ती आपल्या घरात देईल.

या.

तोताराम